पाठ कापलेल्या कवड्या

नांदेडला समुद्र नाही, ही बातमी लोक मला गेली कित्येक वर्षं देत आले आहेत. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे विचारतात, तुमचा विषय काय? मी सांगते, समुद्रातल्या गोगलगाई. मग ते वाढप्याकडं बघत जरा थांबतात आणि म्हणतात, पण इथं तर समुद्र नाही. पूर्वी मी हौसेनं समजावून सांगायची. आता "हो ना, नाही" म्हणते आणि वरणभात कालवायला घेते. कॉलेजात नवे प्राचार्य आले की त्यांनाही हे एकदा सांगावं लागतं. त्यांना ते पटेपर्यंत त्यांचा निरोपसमारंभ येतो.

समुद्र इथं येतो तो कवडी होऊन. पोळ्याला बैलाच्या गळ्यात येतो, लहान लेकराच्या करदोट्यात येतो, आणि सगळ्यात जास्त येतो तो आराधिणींच्या माळेत. तुळजापूरच्या देवीची सेवा घेतलेल्या या आमच्या संसारी बायका. नवरात्रात गळ्यात कवड्यांची माळ घालायची, हातात परडी घ्यायची आणि पाच घरी जोगवा मागायचा. कवडी हे एका गोगलगाईचं कवच आहे, ती गोगलगाय कधीतरी समुद्रातल्या खडकावर चरत होती, हे त्यांतल्या बहुतेकींना माहीत नसतं. माहीत असायचं काही कारणही नाही.

माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक मात्र म्हणाले, समुद्र नसला म्हणून काय झालं, माळा आहेत ना. त्यांनी विषय दिला आणि मी हातात भिंग घेऊन गावोगाव हिंडले. लोहा, मुखेड, हिमायतनगर, जिथं एसटी जाते तिथं. बाई, तुमची माळ जरा बघू देता का, म्हणून दारात उभी राहायची. काही बायका मला जोगवा मागायला आलेली समजून पीठ घालायच्या.

आपल्याकडं माळेत येतात त्या कवड्या मुख्यतः दोन जातींच्या. एकीच्या पाठीवर नारिंगी-पिवळं कडं असतं, कुणीतरी बांगडी ठेवून उठल्यासारखं. तिला आम्ही कड्याची कवडी म्हणतो. दुसरी पिवळट, अंगानं जरा ओबडधोबड, कडेला गाठी आलेली. जुन्या काळी पैसा म्हणून चालायची ती ही, म्हणून चलनी कवडी. जवळच्या नात्यातल्या दोघी. अख्खी कवडी हातात आली तर बारावीचं पोरगंही ओळखेल. पण माळेतली कवडी अख्खी नसते. ती छातीवर सपाट बसावी आणि दोरा ओवता यावा म्हणून तिची पाठ घासून काढलेली असते. म्हणजे ज्या कड्यावरून ओळखायचं, तेच कडं कारागिरानं घासून टाकलेलं. उरतं काय, तर पोट. मी बारा महिने तेरा काळ कवड्यांची पोटं बघितली आहेत. फटीच्या दोन्ही काठांवरचे दात किती जाड, किती विरळ. बाह्यरेषा अंड्यासारखी की कोपरे निघालेली. मागच्या अंगाला गाठी आहेत की गुळगुळीत. त्यातही चलनी कवडीची लहानखुरी पिल्लं असतात, त्यांना गाठी आलेल्याच नसतात, आणि ती हुबेहूब कड्याच्या कवडीसारखी दिसतात. या दुनियेत आपलं आयुष्य ह्यात गेलं, असं कधी कधी रात्री नव्हे, भर दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना मनात येतं.

पीएच.डी. झाली. मग परदेशातल्या कुणी तरी ह्या कवड्यांची प्रजातीच बदलून टाकली, म्हणजे नावाचा पहिला शब्द गेला आणि दुसरा आला. कॉलेजातल्या नमुन्यांच्या कपाटातल्या सगळ्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मी नव्यानं लिहिल्या. कवड्या आहेत तशाच राहिल्या. आता आमच्याकडं येणाऱ्या पोरांना डॉक्टर व्हायचं असतं, ते जमलं नाही म्हणून ती आलेली असतात, आणि कपाटाकडं ती घरातल्या जुन्या फर्निचरकडं बघावं तशी बघतात. मी त्यांना रागवत नाही. मलाही ते कपाट उघडायचा कंटाळा येतो.

अशा दिवसांत गेल्या भाद्रपदात लातूरहून मावशीचा फोन आला.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई मुखेडला दिली होती, मावशी लातूरला. दोघीही आराधिणी. मावशीची माळ तिच्या सासूकडून आलेली, फार जुनी. आईनं सेवा घेतली ती माझ्या जन्मानंतर, नवस फेडायला, तेव्हा तिची माळ तुळजापूरच्या दुकानातून नवीनच घेतली होती. मावशीला मूलबाळ नाही. दहावीनंतर मला शिकायला लातूरला ठेवलं ते तिच्याकडं. लातूरला मुलं क्लासला पाठवायची तेव्हाही लाटच होती. दोन वर्षं मावशीनं माझे डबे केले, पहाटे उठवलं, केस विंचरून दिले. आणि त्याच दोन वर्षांत मला एक गोष्ट लागली ती लागलीच. लातूरला कुणी विचारलं, पोरगी कुणाची, की मावशी म्हणायची, "माझी कुठली, बहिणीची हाय." सुट्टीला मुखेडला गेले आणि बाजारात कुणी विचारलं की आई म्हणायची, "हिला काय इचारता, ही लातूरवाल्या अक्काची." दोघींपैकी एकीनंही कधी "माझी" म्हटलं नाही. सोळाव्या वर्षी अशा गोष्टी फार लागतात. मला अजून लागते, हे खोटं कशाला सांगू.

आईच्या शेवटच्या आजारात तिला मी नांदेडला आणलं, तेव्हा मावशी सगळं घर बंद करून माझ्याकडं येऊन राहिली. देवघरात एकच खिळा होता. त्यावर दोघींच्या माळा एकीवर एक. आई गेली. आमच्या घरची रीत अशी की आराधीण गेली की माळ लेकीनं पुढं घ्यायची, नाही तर जपून ठेवायची. मी इतकी दमलेली होते की मावशीला म्हटलं, दोन्ही तूच ने. तिनं दोन्ही माळा आपल्या परडीत घातल्या आणि लातूरला नेल्या.

फोनवर ती म्हणाली, "माय, उंदरानं घात केला. परडीतले दोन्ही दोरे कुरतडले मुडद्यानं. तेल पिलेला दोरा, त्याला काय, पेढाच. आता समद्या कवड्या एकात एक झाल्यात."

"मग?"

"मग काय मग? तू त्याचंच शिकलीस ना इतकी वरसं? ये आन् वायल्या करून दे. घटाच्या आदी पायजे. औंदा मला तुळजापूरला जायाचंय, पाय हायेत तवर."

माझ्या एका सहकारी मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यात काय, नवीन माळ घ्या. मीही मावशीला तेच सुचवून बघितलं. ती चिडली. "नव्या कवड्या घालून गेले तर देवीला पुन्हा पहिल्यापासून वळख सांगावी लागंल. ह्या वयात कुठं नाहक सांगत बसू?" आईच्या कवड्या घालायलाही ती तयार नव्हती. "तिची सेवा तिची, माझी सेवा माझी. तिच्या खात्यावर मी कशाला जाऊ?" आणि मग, "आन् तुझ्या आईची तुला नको का? तवा दमली हुतीस म्हणून म्यां आणली."

मला हवी होती. घालायला नाही, देवावर माझं तसं काही नाही. पण आई गेल्यापासून तिच्या लुगड्यांचा वाससुद्धा उडून गेला होता, आणि माळ ही एकच वस्तू अशी होती की जी वर्षानुवर्षं तिच्या अंगाला लागलेली होती. ती मला हवी होती, आणि चुकीची नको होती.

शनिवारची पहिली एसटी धरून मी लातूरला गेले. पिशवीत भिंग, मापं घ्यायचं कॅलिपर, दात घासायचा एक जुना ब्रश. मावशी दारातच बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, बोटं सुजून जाड झालेली, पण आवाज तोच. "आलीस का? च्या घे आदी. लई वाळलीस." सुपात सगळ्या कवड्या ओतून तयार ठेवलेल्या होत्या. तेलानं काळपट झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, वर उंदराच्या लेंड्या.

चहा पिऊन ती आत भाकरी टाकायला गेली आणि मी कामाला लागले. आमच्या कामाची पहिली पायरी ठरलेली आहे. नमुना आधी स्वच्छ करायचा. मळक्या कवडीचे दात मोजता येत नाहीत. मी टबात कोमट पाणी घेतलं, धुण्याची पावडर टाकली, सगळ्या कवड्या बुडवल्या आणि ब्रशनं एकेक घासायला घेतली. तासाभरात त्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या. पाणी लालसर-काळं झालं ते मी मोरीत ओतलं. मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी कपाटाबाहेरचं काही काम हाताला लागलं होतं.

मावशी बाहेर आली, जमिनीवर पसरलेल्या कवड्या तिनं हातानं चाचपल्या. "धुतल्यास?"

"हो. त्याशिवाय कळत नाही."

"टँकरचं पाणी हाय बाई ते, इतकं सांडतात का?" मग तिनं एक कवडी नाकाशी नेली. "कुंकू गेलं की गं समदं."

"कसलं कुंकू?"

"तुझी आय माळेला कुंकू लावायची. कवडी कवडीच्या फटीत भरायची, हौस लई. मी नुसती हळद. म्यां म्हणलं, तू आदी त्येच बघशील."

मी टबाकडं बघत राहिले. लाल पाणी केव्हाच गटारात गेलं होतं. कुणाही अडाणी माणसानं आधी विचारलं असतं की ह्यात काय खूण आहे का. मी शिकलेली, म्हणून मी खूण धुऊन काढली आणि मग भिंग लावलं. मला तिथंच आडवं व्हावंसं वाटलं. "फटीत कुठं ऱ्हायलं असंल, बघ," एवढंच मावशी म्हणाली आणि पुन्हा भाकरीकडं गेली. एकाही फटीत राहिलं नव्हतं. मी काम नीट करते.

आता हातात एकच रस्ता उरला, माझा नेहमीचा. गावोगाव हिंडून मला एवढं कळलं होतं की जुन्या माळांमध्ये चलनी कवड्याच जास्त निघतात आणि अलीकडं दुकानांतून घेतलेल्या माळांमध्ये बहुतेक कड्याच्या. मावशीची माळ तिच्या सासूच्या काळातली, आईची दुकानातली. म्हणजे दोन जाती वेगळ्या केल्या की दोन बहिणी वेगळ्या होणार. निदान कागदावर तरी.

मी खिडकीशी चटई टाकून बसले. गाठीवाली, कोपरे निघालेली कवडी डावीकडं, मावशीची. गुळगुळीत, अंड्यासारखी उजवीकडं, आईची. काहींची पाठ घाईत घासलेली होती, त्यांच्या काठाला नारिंगी कड्याचा एखादा कोर शिल्लक होता. तो दिसला की मी लगेच उजवीकडं टाकायची आणि मनात म्हणायची, ही आईची, नक्की आईची. लाईट गेली, आली, पुन्हा गेली. मान धरली. शेजारची एक म्हातारी येऊन दारात बसली आणि मावशीला म्हणाली, "पोरगी काय करायली?" मावशी म्हणाली, "गहू निवडायली." दोघी हसल्या. मलाही हसू आलं, पण डोळे दुखत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही ढीग झाले. आणि तिसराही झाला. तो मी आदल्या दिवसापासून बघून न बघितल्यासारखं करत होते. ओंजळभर कवड्या अशा होत्या की त्या कुठल्याच बाजूला जाईनात. अंडाकृती, पण पूर्ण नाही. काठ गुळगुळीत, पण बोट फिरवलं तर जिथं गाठ असायला हवी तिथं अगदी किंचित उंचवटा. हे काय आहे ते मला माहीत होतं. जुनी चलनी कवडी दोन पिढ्या अंगावर घासली गेली की तिच्या गाठी झिजतात आणि ती कड्याच्या कवडीसारखी दिसायला लागते. आणि नवी कड्याची कवडीसुद्धा वर्षानुवर्षं अंगावर घासली की तिचे दात बोथट होतात आणि ती चलनीकडं झुकते. म्हणजे ह्या ओंजळीत दोघींच्याही होत्या. मानेजवळच्या, सगळ्यात जास्त अंगाला लागलेल्या. ज्या दोघींनी सगळ्यात जास्त वापरल्या, त्याच मला ओळखता येत नव्हत्या.

मी कॅलिपर लावलं. दात पुन्हा पुन्हा मोजले. मोजता मोजता माझ्या लक्षात आलं की मी आता मोजत नाही, ढकलते आहे. जरा शंका आली की कवडी उजवीकडं, आईच्या ढिगात. मला आईची माळ भरगच्च हवी होती. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणाच्या कामात हे दिसलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. मी उजवीकडं सरकवलेल्या सगळ्या पुन्हा मधे ओढल्या आणि भिंग खाली ठेवलं.

मावशी येऊन शेजारी बसली. गुडघे धरून, हळूहळू. डाव्या ढिगावर तिनं हात ठेवला. "ह्या माझ्या?"

"हो."

"आन् त्या तुझ्या आईच्या?"

"हो. माझ्या विद्येप्रमाणं."

"आन् ह्या?"

"ह्या कुणाच्या ते कळत नाही."

"तुला बी?"

"मला बी."

तिनं त्यातली एक उचलली, अंगठ्यानं चोळली, डोळ्याजवळ नेली, पुन्हा ठेवली. "मला बी न्हाई कळत माय. बोटं मेलीत माझी." मी म्हटलं, निम्म्या तू घे, निम्म्या आईच्या माळेत घालते. तिनं मान हलवली. "आन् तिची माझ्याकडं आली, माझी तिच्याकडं गेली मग?" मी म्हटलं, मग काय करायचं ते तू सांग, मी थकले आता. आवाज चढला माझा. लहान पोरीसारखं रडायला येत होतं आणि मला त्याचाच राग येत होता.

मावशी रागावली नाही. ओंजळभर कवड्या तिनं दोन्ही हातांनी गोळा केल्या आणि माझ्या मांडीवर ओतल्या.

"ह्या तुला."

"मला आईच्या दिल्यास की."

"त्या तुझ्या आईच्या. त्या जपून ठेव. ह्या तुझ्या."

"माझ्या कशा?"

"लोक इचारायचे ना, पोरगी कुणाची म्हणून? मी म्हणायचे बहिणीची. ती म्हणायची अक्काची." ती हसली, दात नसलेलं. "आमचं ठरलेलंच हुतं तसं. माझी म्हणलं की दुसरीची न्हाई असं हुतंय. तिला वाटंल हिनं घेतली, मला वाटंल तिनं नेली. म्हणून दोघीबी दुसरीचंच नाव घ्यायचो. तुला कधी वायलं काढलंच न्हाई आमी. ह्या बी तशाच. घे."

मी रडले. इतक्या वर्षांचं एकदम. मावशीला नीट दिसत नव्हतं, पण तिनं पदर पुढं केला आणि म्हणाली, "पुस. च्या टाकते."

संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारातल्या पटवेकऱ्याकडं दोन माळा ओवायला दिल्या. मावशीची तिनं तिथंच गळ्यात घातली, जरा आखूड झाली होती. "आसू दे," म्हणाली. आईची कागदात बांधून मी पिशवीत ठेवली. उरलेल्या ओंजळभर कवड्यांचं त्यानं विचारलं, ह्या कुठल्या माळेत घालू? मी सांगितलं, ह्या राहू द्या, ह्या माझ्या आहेत. त्या रुमालात बांधल्या आणि नांदेड येईपर्यंत एसटीत ती गाठ हातातच धरून बसले.